आळीपाळीचं कॅप्टनपद

३ जुलै, गुरुवार

पी.टी. अर्ध्यात थांबवून शेळके सरांनी आम्हा पाच जणींना ग्राउंडच्या कडेला बसवलं. पाच म्हणजे एनडीएचा फॉर्म भरलेल्या. अकॅडमीतल्या बाकीच्या पोरी पोलीस भरतीवाल्या, त्यांना पळतं ठेवलं. सर कुठल्याशा सेमिनारला जाऊन आले आहेत, आणि सेमिनारहून आले की आठवडाभर ते वेगळेच असतात.

म्हणाले, "पेपर निघाला म्हणजे झालं असं न्हाई. पुढं मुलाखतीच्या बोर्डासमोर पाच दिवस काढायचे. तिथं पहिला सवाल, खेळ कोणता? दुसरा सवाल, कॅप्टन होती का? नुसती खेळली म्हणून चालत न्हाई. त्यांना लीडर पाहिजे."

पाचही जणी आम्ही कॉलेजच्या खो-खो टीममध्ये. कॅप्टन वैष्णवी. केदारखेड्याची, मागच्या वर्षी राज्याला खेळून आलेली आणि ते रोज एकदा तरी ऐकवणारी. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती बुटाची लेस बांधत बसली होती.

९ जुलै

सरांची युक्ती बाहेर आली. इथून पुढे प्रत्येक मॅचला कॅप्टन वेगळी. पाच जणी, आळीपाळीने. म्हणजे प्रत्येकीला बोर्डासमोर सांगता येईल, मी कॅप्टन होते. खोटं काही नाही, एका मॅचची का होईना, होतेच ना.

वै. म्हणाली, "मंग मॅच कोण चालवंल सर?"

"तूच चालव ना. नाव यांचं लागू दे."

बाकीच्या हसल्या. मला आनंद झाला, उगाच नाही म्हणून कशाला लिहू. शाळेपासून मी ज्या टीममध्ये होते तिथे 'इतर खेळाडूं'तलीच होते.

वै. घरी जाताना बोलली नाही. तिच्या सायकलच्या मागे बसून आले तरी.

१३ जुलै, रविवार

फोटोसेशन! चुन्याच्या रेषा नव्या मारल्या, टीमला अर्धवर्तुळात उभं केलं आणि एकेकीने पुढे होऊन नाणं उडवायचं. समोरची कॅप्टन म्हणून पोलीस भरतीची एक पोरगी उभी केली. पाचही फोटोंत तीच. पाचव्या फोटोपर्यंत तिने निदान टी-शर्ट तरी बदलायला हवा होता. ऋतुजाने हे सरांना बोलून दाखवलं. ती आमच्या पाचांतली, डॉक्टरची मुलगी, तिला बोलायला भीती वाटत नाही. सर म्हणाले, "कोन बघतंय एवढं."

पप्पांनी संध्याकाळी माझा फोटो जाफराबादच्या भावकीच्या ग्रुपवर टाकला. 'आमची पतू कॅप्टन झाली.' बियाणं कंपनीतल्या त्यांच्या साहेबांनाही पाठवला. जोडलेले हात आणि अंगठे यायचे अजून थांबत नाहीत. काकांचा फोन: "आता फौजेत साहेबच होती म्हणायची!" आईने तिथल्या तिथे ठरवलं, मी लागले तर जांब समर्थला सगळ्यांना दर्शनाला घेऊन जायचं.

मी त्यांना सांगायला हवं होतं की हे असं असं आहे. नाही सांगितलं. पप्पा इतके खुश होते.

६ ऑगस्ट

सराव बिघडला आहे. ज्या दिवशी जिची पाळी तिने ओरडायचं. पण पोरींचे कान वै.च्या आवाजाला लागलेले. आज ऋ. कॅप्टन. ती ओरडली "डावीकडं!" आणि सगळ्या थांबून वै.कडे बघायला लागल्या. वै. मुद्दाम आभाळाकडे बघत उभी. मंग (बघा, मीही लिहिताना मंग लिहायला लागले) दोघी एकदम उठल्या आणि डोक्याला डोकं आपटलं. एकीच्या भुवईला टाके.

सर म्हणाले, होतं असं.

दोन पोरींची डोकी आपटली त्याचं मला काही वाटलं नाही. वै. आभाळाकडे बघत होती ते मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. तिला ते आधीच दिसलं होतं.

१५ सप्टें.

काल पेपर झाला. गणित बरं, इंग्रजी बरं, जी.के. देवाच्या हातात. वै. बाहेर येऊन पोत्यावर बसल्यासारखी फुटपाथवर बसली आणि भेळ खाल्ली. "निघतो माझा," म्हणाली. ही पोरगी कधी तरी 'बघू' म्हणेल का?

२६ सप्टें.

उद्या जिल्ह्याची फायनल. कॅप्टन मी. सर मुद्दाम म्हणाले, "तुला मोठी मॅच देऊन राह्यलो, प्रतीक्षा. बोर्डात सांगायला वजनदार होईल."

आधी कोणत्या तिघींनी पळायचं ते कॅप्टन ठरवते. वै. कायम पहिल्या तिघींत, ती चटकन बाद होत नाही, समोरच्यांचा दम तिथेच निघतो. ते सगळ्यांना ठाऊक आहे. आज तिने मला जिन्यात गाठून सांगितलं, "उद्या मला पहिल्या तिघीत टाक, बाकी तुझं काय ते कर." टाक! विनंती नाही, सल्ला नाही. टाक.

२७ सप्टें., शनिवार

हरलो.

वै.ला मी शेवटच्या तिघींत ठेवलं. सरांना म्हणाले की दमलेल्या टीमपुढे तिला सोडायचं, ती मॅच काढेल. सरांना पटलं. माझं मलाही पटलं होतं, टॉसपर्यंत. पण खरं कारण ते नव्हतं. मला एकदा तरी तिने सांगितलेलं करायचं नव्हतं.

पहिल्या दोन तिघी पटापट गेल्या. वै. आली तेव्हा काही उरलं नव्हतं. तरी ती पळाली. डाव संपल्याची शिट्टी झाली तेव्हा ती एकटी मैदानात उभी, नाबाद, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत. तिकडे त्या जिंकलेल्या पोरी एकमेकींच्या गळ्यात.

बसमध्ये कोणी मला काही बोललं नाही. वै. पण नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडून मोकळी तरी झाले असते.

ही मॅच जिंकली असती तर विभागाला गेलो असतो. बाकीच्या सात जणींना तर बोर्डबीर्ड काही नव्हतं, त्या नुसत्या खेळायला आल्या होत्या.

४ ऑक्टो.

रिझल्ट! निघाला! पाचांतल्या तिघी: वै., ऋ. आणि मी. आई रडली, पप्पांनी पेढे वाटले, शेजारच्या काकूंनी विचारलं "म्हणजे आता पगार किती?" अकॅडमीच्या गेटवर आमचे मोठे फोटो लागणार. सरांनी फोटोखाली काय लिहायचं तेही ठरवलं. तिघींच्या खाली 'खो-खो कॅप्टन'.

बॅनरच्या नमुन्यात तिन्ही नावं एकाखाली एक वाचून मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. काय ते अजून कळलं नाही.

११ नोव्हें.

आज कळलं.

बोर्डाची तारीख ऑनलाइन निवडायची असते. तिघींनी वेगवेगळी घेतली असती तरी चाललं असतं. पण काल आमच्या घरी तिघींचे आईवडील चहाला बसले आणि चहात ठरलं: पोरी एवढ्या लांब भोपाळला एकट्या कशा जाणार? तिघी एकत्र जातील, सोबत पतूचे पप्पा. एक तारीख, एक गाडी, एक लॉज. ऋ.चे डॉक्टरकाका म्हणाले, बराबर आहे. वै.चे वडील म्हणाले, "हे बेस झालं, माझी काळजी मिटली." ऋ.ने लॅपटॉप उघडला आणि तिथल्या तिथे तिघींची तारीख एकच टाकली.

रात्री नाही, सकाळी दात घासताना डोक्यात आलं. एक कॉलेज. एक टीम. एक वर्ष. एकाच बोर्डासमोर, एकाच आठवड्यात, तीन कॅप्टन.

ऋ.ला फोन केला. तिने लॅपटॉप उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बदलता येतं का बघते." येत नाही.

१३ नोव्हें.

सरांना सांगितलं. ते हसले आधी. मग हसू गेलं. "एवढे पोरं असतात तिथं, त्यांना काय कळतंय," असं दोनदा म्हणाले. एकदा मला आणि एकदा स्वतःला.

७ डिसें., रविवार

सरांनी खोटी मुलाखत घेतली. एकेकीला आत बोलावून एकच प्रश्न: "जिल्ह्याच्या फायनलला कॅप्टन कोण?"

ऋ. म्हणाली, आळीपाळीने होतो. मी म्हणाले, मी. वै. म्हणाली, "मी. कालबी मी, आजबी मी."

नंतर सरांनी तिघींना एकत्र बसवलं. घाम आलेला, डिसेंबरात. "असं बिलकुल चालणार न्हाई. एकीचं एक तर दुसरीचं दुसरं, तिघी घरी याल. ऐका. ऋतुजानं तालुक्याचं सांगायचं, प्रतीक्षानं जिल्ह्याचं. वैष्णवी, तुझ्याजवळ राज्याचं सर्टिफिकेट आहे, तुला तेवढं बस आहे. तू कॅप्टनचं सोडून दे."

मला वाटलं आता ती सरांवर खेकसणार. ती म्हणाली, "बरं."

एवढंच. बरं.

वै. ओरडली की मला राग येतो. गप्प बसली की मला भीती वाटते. ऋ. पण म्हणाली, "ही तिथं जाऊन आपल्याला उघडं पाडणार बघ." आणि पाडलं तर तिचं काय चुकलं? कॅप्टन तीच होती. आम्ही तिच्या जागेवर टॉसला उभ्या राहिलो.

१ जाने.

पप्पांनी माझ्यासाठी काळे बूट आणले, मुलाखतीचे. घरात घालून फिरायला लावलं. "चालण्यातच साहेब दिसला पाहिजे." टाच दुखते.

त्यांना सगळं सांगायचं ठरवलं होतं आज. बुटाच्या खोक्यावरची किंमत खोडून टाकली होती त्यांनी, ती बघून नाही सांगितलं.

१८ जाने., गाडीत

तिघी आणि पप्पा. वै. वरच्या बर्थवर निवांत झोपली आहे. ऋ. इंग्रजीत स्वतःची ओळख करून देते आहे, खिडकीला. पप्पा समोरच्या सरदारजींना सांगून राह्यले, हमारी बच्ची कॅप्टन है.

ठरवलं. मी खरं सांगणार. विचारलं तर म्हणेन: कॅप्टन वैष्णवी, आम्हाला सरांनी एकेक मॅच दिली होती, माझ्या मॅचला मी चुकीचं ठरवलं आणि टीम हरली. नापास केलं तर केलं. हे लिहिल्यावर जरा हलकं वाटलं. भूक लागली, आईचे धपाटे काढले, वै.ला उठवून दिले. तिने खाल्ले. "दही न्हाई आणलं व्हय?" म्हणाली. कित्येक दिवसांनी नीट बोलली.

२० जाने.

मोबाईल जमा. छातीवर नंबर बांधला, आता नावाने कोणी हाक मारत नाही. दिवसभर चाळणी: एक अस्पष्ट चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची, मग गटात बोलायचं. संध्याकाळी नंबर वाचले. मी आहे. वै. आहे. ऋ. नाही.

ऋ. बॅग भरताना रडली नाही. तिला पप्पा लॉजवर घेऊन जातील. निघताना माझ्या कानाशी म्हणाली, "आता दोघीच कॅप्टन."

मग मोठा फॉर्म भरायला दिला. खेळ, कोणत्या पातळीवर, कोणतं पद. पेन तिथे आलं आणि थांबलं. गाडीतलं सगळं आठवलं. सर आठवले, पप्पा आठवले. लिहिलं: खो-खो, जिल्हा, कॅप्टन. खाली सही.

तोंडाने खरं सांगू, असं मनाशी म्हटलं. लिहिताना काय झालं मला कळत नाही.

२१ जाने.

दिवसभर लेखी चाचण्या. शब्द दाखवतात, मनात येईल ते वाक्य लिहायचं. एक शब्द मैत्रीण होता. काय लिहिलं आठवत नाही, वेळच नसतो. हाच त्यांचा डाव असणार.

वै. आणि मी एकाच ग्रुपमध्ये, नंबर पुढेमागे. मेसमध्ये तिने दोनदा भात घेतला.

२२ जाने.

सकाळी मैदानावर गटाची कामं. वै.चं नाणं इथेही खणखणीत. पंजाबच्या, केरळच्या पोरी तिला विचारायला लागल्या, अब क्या करें. तिचं हिंदी आपल्यासारखंच, तरी.

दुपारी तिची मुलाखत. बराच वेळ आत होती. मी व्हरांड्यात चकरा मारल्या, मोजे धुतले, वाळलेले परत धुतले.

आली. दोरीवर टॉवेल टाकता टाकता बोलली. आतलं बाहेर बोलायचं नाही असं बजावलेलं आहे, तरी बोलली.

"खेळावरच जास्त होतं. म्हणले, टीमची कॅप्टन कोण? मी म्हणले, प्रतीक्षा. म्हणले, इथं आलीय का ती? मी म्हणले, हो, माझ्याच ग्रुपात."

मी पिळलेला मोजा परत पिळला.

"चांगली कॅप्टन होती का, विचारलं. मी म्हणले, लय चांगली. जिल्ह्याला मी पहिल्या तिघीत जाते म्हणून हट्ट करून राह्यलते, तर तिनं टीमचं बघितलं आणि मला मागं ठेवलं. हरलो, पण मी तिचं ऐकलं. असं सांगितलं."

"वैष्णवी, तू असं का सांगितलंस?"

"म्हणजे? ठरलंतं ना तसं. सरांनी ठरवलं, तू हो म्हणलीस, मी हो म्हणले. मला लागत न्हाई ते कॅप्टनचं, माझ्याकडं बघून कळतं. तुझ्याजवळ दुसरं काय हाय?" टॉवेलला चिमटा लावला. "साहेबानं लिहून घेतलं सगळं. आता तू तेच सांग, म्हणजे झालं. जेवायला चल."

दीड महिना मला भीती होती की ही खरं बोलेल.

मी उद्या खरं बोलले तर खोटी ती ठरते. राज्याला खेळलेली, नाबाद, इथल्या सगळ्या पोरी जिला विचारतात ती. आणि तिच्याच शब्दाला शब्द जुळवला तर तिची जागा माझ्या नावावर, तिने स्वतः लिहून दिलेली. तिला यातलं काही सुचलेलंसुद्धा नाही. भात खाऊन झोपली. मला तिचा इतका राग आला, आणि इतकं रडू आलं.

२३ जाने., दुपार

मुलाखतीच्या खोलीबाहेरच्या बाकावर. माझ्या आधीची एक आत आहे.

सकाळचं लिहून टाकते. आज प्रत्येकीला कमांडर करतात. समोर अडथळा, एक फळी, एक दोरी, एक जड पिंप, आणि मदतीला दोन जणी आपणच निवडायच्या. माझी पाळी आली. मी वै.ला निवडलं. कोणीही तिलाच निवडलं असतं.

अर्ध्यापर्यंत जमलं. फळी दुसऱ्या खांबाला पोहोचेना. दोरीची गाठ घ्यायची की पिंप आधी सरकवायचं? साहेब शेजारीच उभे. आणि माझी मान आपोआप वळली. तोंडातून मराठीतच निघालं, "वैष्णवी, आता?"

तिला उत्तर येत होतं. तिचे हात दोरीकडे निघालेसुद्धा होते. तिने ते मागे घेतले. दोन्ही हात मागे बांधून ताठ उभी राहिली, नजर माझ्यावर, हुकमाची वाट बघत. चांगल्या कॅप्टनच्या चांगल्या खेळाडूने उभं राहावं तशी. साहेबांच्या देखत मला कॅप्टन करत होती ती, आणि माझ्याजवळ हुकूमच नव्हता.

मला वेळ पुरला नाही. साहेबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग लिहिलं.

उद्या म्हणे मैदानावरचे साहेब, मुलाखतीचे साहेब, चाचण्या तपासणारे साहेब, सगळे एका टेबलाशी बसतात आणि प्रत्येकीचं आपापलं वाचून दाखवतात. आमची दोघींची पानं शेजारी शेजारी असतील.

वै. आत्ता येऊन गेली. माझ्या नंबरची दोरी सुटली होती ती पाठीमागून घट्ट बांधली. म्हणाली, "जिल्ह्याची मॅच पहिली विचारतील. मी सांगितलं त्यातलं एक अक्षर बदलू नको हं, पतू." पतू मला फक्त घरचे म्हणतात.

काय बोलणार ते अजून ठरलेलं नाही. दोन्ही तोंडपाठ आहेत.

आधीची बाहेर आली. दार उघडं राहिलं आहे. साहेब खाली बघून वाचतायत, एक पान मागे उलटून परत वाचतायत. शिपायाने माझा नंबर पुकारला.